कूलर धुण्यापूर्वी तापमापक घ्या

मार्च महिना उजाडला की विदर्भातल्या घराघरांत एक ठरलेला कार्यक्रम पार पडतो. व्हरांड्यात झाकून ठेवलेला कूलर बाहेर निघतो, जुन्या ताट्या कचऱ्यात जातात, नव्या ताट्या बसवल्या जातात, टाकी एकदा खळखळून धुतली जाते आणि साऱ्या घराला वाटते, झाले, आता पावसाळ्यापर्यंत पाहायला नको. आमच्या जवाहरनगरच्या वसाहतीत याहून निराळे काही घडत नाही. या 'पाहायला नको'बद्दलच मला तुमच्याशी थोडे भांडायचे आहे.

पण त्याआधी एका जाहिरातीबद्दल. 'तुमच्या घरातील हवेचे मार्ग यंत्राने साफ करून देऊ, आजार पळवून लावू' अशा अर्थाच्या जाहिराती तुमच्यापैकी काहींनी वाचल्या असतील. ही कल्पना मूळची अमेरिकेसारख्या देशांतली. तेथे पुष्कळ घरांत एकच यंत्र साऱ्या घराची हवा थंड किंवा गरम करते आणि ती पत्र्याच्या चौकोनी नळांतून खोल्याखोल्यांत पोचवली जाते. आखाती देशांतही अशी घरे आहेत. या नळांना डक्ट म्हणतात. त्यांत धूळ साचणारच. परंतु अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नागरिकांना दिलेला सल्ला मोठा मार्मिक आहे. डक्ट ठरावीक मुदतीने धुतलेच पाहिजेत असे ती संस्था म्हणत नाही. आत बुरशी दिसत असेल, उंदीर किंवा किडे शिरले असतील, धुळीने मार्ग चोंदला असेल, तर ते साफ करावेत. एरवी या सफाईने आजार टळतात असे सिद्ध झालेले नाही, असे ती स्पष्ट सांगते. म्हणजे ज्या देशात हा धंदा वाढला, तेथेही 'आधी पाहा, मग धुवा' हाच नियम आहे.

आपल्या साध्या घरांत तर हे नळच नसतात. ते असतात चित्रपटगृहांत, मोठ्या रुग्णालयांत, कार्यालयांत. भिंतीवरच्या वातानुकूलकालाही डक्ट नसतो. त्याची जाळी काढून नळाखाली धुणे तुम्हालाही जमेल. मग मे महिन्यात बाहेरची हवा आपल्या घरात कोणत्या वाटेने येते? कूलरच्या वाटेने. छातीत जाणारा प्रत्येक श्वास त्या ओल्या ताट्यांमधून आलेला असतो. धुण्याजोगा हवेचा मार्ग आपल्याकडे असेल तर तो हाच, आणि त्यासाठी बाहेरून यंत्र मागवण्याची गरज नाही.

आता या यंत्राचे पदार्थविज्ञान पाहू. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोली गार करण्याची रीत आपल्या देशात फार जुनी. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबांच्या बंगल्यांवर वाळ्याच्या ताट्यांमागे हाताने फिरवायचा पंखा बसवीत. आजचा कूलर हा त्याचाच वंशज. पंखा फिरवणाऱ्या माणसाच्या जागी विजेची मोटर आली एवढेच. पाण्याचे बाष्पीभवन व्हायचे तर त्याला उष्णता लागते. आपल्या हवामानात एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात आणि त्या पाणी हवेतूनच घेते. समजा, तुमचा कूलर तासाला १० लिटर पाणी 'पितो'. म्हणजे तो हवेतून तासाला ५८ लाख कॅलरी काढून घेतो. गणित करून पाहा, हा दर सुमारे पावणेसात किलोवॉट भरतो. पंखा आणि पंप मिळून वीज खातात ती साधारण पाव किलोवॉट. एवढ्या स्वस्तात एवढी उष्णता हलवणारे दुसरे यंत्र सामान्य माणसाच्या घरात नाही. म्हणून कूलरकडे गरिबाचे यंत्र म्हणून नाक मुरडून पाहणाऱ्यांशी माझे जमत नाही.

मात्र पाणी उडून जाते तेव्हा त्यातले क्षार उडून जात नाहीत. कूलरच्या आजाराचे मूळ येथे आहे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असणे भारतीय मानकानुसार इष्ट मर्यादेत बसते. आपण तेवढेच धरू. बोअरच्या पाण्यात ते बरेच जास्त असू शकतात. कूलर दिवसाचे १२ तास चालला तर १२० लिटर पाणी उडाले आणि ६० ग्रॅम क्षार मागे राहिले. टाकी ६० लिटरची असेल तर सकाळी भरलेल्या पाण्यात ३० ग्रॅम क्षार होते. रात्री तेवढ्याच पाण्यात ९० ग्रॅम झाले. एका दिवसात पाणी तिप्पट खारट! टाकी कधीच रिकामी न करता वरून नुसते भरत राहिलात, तर हिशेबाने आठवड्याअखेर एका लिटरमागे साडेसात ग्रॅम क्षार होतील, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एकपंचमांश. प्रत्यक्षात तेवढी वेळ येत नाही, कारण त्यापूर्वीच चुन्याचे क्षार पाण्यात मावेनासे होतात आणि ताट्यांवर, जाळीवर, पंपाच्या तोंडाशी पांढरे पापुद्रे होऊन बसतात. दोन महिन्यांचे क्षार साडेतीन किलोंच्या वर जातात. शिवाय लूबरोबर आलेली धूळ ताट्यांत अडकून टाकीत उतरते, तिचा चिखल होतो तो वेगळाच.

पापुद्रे बसले की ताट्यांमधून पाणी सारखे झिरपत नाही. ते सोपी वाट धरून दोन-चार ठिकाणांहून ओघळते आणि मधले पट्टे कोरडे राहतात. हवा मात्र कोरड्या पट्ट्यांतूनही आत येते, आणि जशी बाहेर होती तशीच गरम येते. मग घरातले म्हणतात, 'कूलर पूर्वीसारखा राहिला नाही.' कोणी मोठा पंखा बसवतो, कोणी नवा कूलर आणतो. कोणी मेकॅनिक बोलावतो; तो म्हणतो पंप गेला. गेला असेलही. पण कोणी मोजून पाहिले?

शाळेच्या प्रयोगशाळेत साधे तापमापक असतात. शिक्षकांच्या परवानगीने दोन घ्या. एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळा. दोन्ही तापमापक सावलीत, कूलरच्या मागच्या बाजूला, हवा आत ओढली जाते तेथे टांगा. वारा लागलाच पाहिजे, नाहीतर ओल्या तापमापकाचे आकडे खोटे येतील. पाच-सात मिनिटांनी पारा स्थिरावला की दोन्ही आकडे वहीत लिहा. समजा, कोरडा ४३ अंश सेल्सियस दाखवतो आणि ओला २४. यांतला २४ हा आकडा महत्त्वाचा. त्याखाली कोणताही साधा कूलर हवा नेऊ शकत नाही, मग विकणारा काहीही सांगो. दोहोंतले अंतर १९ अंश. आता कोरडा तापमापक कूलरसमोर धरा (जाळीच्या बाहेर, पंख्यापासून दूर). चांगल्या ओल्या ताट्या या अंतराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग कापतात. म्हणजे समोरची हवा २९ अंशांच्या आसपास असायला हवी. ती ३४ असेल तर कूलरने १९ पैकी ९ अंशच कापले, निम्म्याहूनही कमी. ताट्या पाहा, पाण्याच्या नळीची भोके पाहा, दोष तेथे आहे. आणि ती २९च असेल, तरीही खोलीत चिकचिक होत असेल, तर कूलर निर्दोष आहे. समोरची खिडकी उघडा. आत येणाऱ्या दमट हवेला बाहेर जायला वाट नसेल तर बिचारा कूलर काय करणार?

हाच प्रयोग जुलैमध्ये करा. कोरडा ३२, ओला २९. अंतर अवघे तीन अंश! त्या दिवसांत कूलर आरशासारखा लखलखीत केलात तरी हवा ३० अंशांखाली जाणार नाही. म्हणजे मे महिन्यात धुण्याने जे साधते ते जुलैमध्ये साधत नाही, आणि हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा ओली चिंधी अधिक प्रामाणिकपणे सांगते. आठवड्यातून एकदा असे आकडे घेऊन आलेख काढलात, तर ताट्या नेमक्या कधी थकू लागल्या ते तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीच्या प्रतिकृती आता पुरे झाल्या. असा एखादा आलेख मांडणारा विद्यार्थी मला भेटला तर मी त्याला वरचा क्रमांक देईन.

सफाईची रीत साधी आहे. रोज टाकीतले थोडे पाणी झाडांच्या आळ्यात सोडून ताजे भरावे, म्हणजे क्षार साचत नाहीत. उन्हाळ्यात पाणी सोडून द्यायला जीव होत नाही, हे खरे. पण ते वाया जात नाही, कडुनिंबाच्या मुळाशी जाते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतून घासावी. पापुद्र्यांवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावले की बुडबुडे येतात. हा कार्बन डायऑक्साइड, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकलाच आहात. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच वेळी कधीही वापरू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि टाकीत वाकलेल्या माणसाचे नाक नेमके तेथेच असते.

विजेबद्दल अधिक कडक बोलले पाहिजे. दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्या भागातील वर्तमानपत्रांत येतात. पत्र्याची पेटी, आत पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि अनवाणी माणूस. ओल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० व्होल्टला हजाराने भागा, ०.२३ अँपिअर येतो. माणूस मरायला याच्या बराच कमी प्रवाह पुरतो, ०.०३ अँपिअरच्या पुढे धोका सुरू होतो. आणि घरातला फ्यूज? तो पाच अँपिअरच्या वर वितळतो. म्हणजे माणूस जाईल पण फ्यूज जाणार नाही. तो तारांच्या रक्षणासाठी असतो, तुमच्या नव्हे. म्हणून कूलरला हात लावण्यापूर्वी नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. बटण चुकीच्या तारेवर बसवलेले असेल तर ते बंद असतानाही आत दाब राहतो. मोठ्या माणसाने कोरड्या हातांनी प्लग उपसून बाजूला ठेवावा, मगच पाणी भरावे किंवा टाकी घासावी. जाणकार माणसाला पैसे द्यायचेच असतील तर ते वीजतंत्रीला द्या. पेटीला अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का, ती जमिनीपर्यंत पोचते का, हे त्याच्याकडून तपासून घ्या. आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा स्वयंचलित खटका घराला बसवून घ्या. हवा सुगंधी करून देणाऱ्या कोणत्याही सेवेपेक्षा हा खर्च मी आधी करीन.

तापमापकाला एक गोष्ट मात्र दिसत नाही. ती म्हणजे डास. बाहेर ४४ अंशांत उघड्यावरचे पाणी तापते आणि आटते. पण चालू कूलरच्या टाकीतले पाणी ओल्या तापमापकाच्या आकड्याजवळ, म्हणजे २४-२५ अंशांवर राहते. आपण कूलर लावतो स्वतःसाठी, आणि भर मे महिन्यात डेंग्यूच्या डासालाही थंड हवेचे ठिकाण मिळते! एडिस इजिप्ती या डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला अनुकूल हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. आकडा अंधश्रद्धेतून आलेला नाही. पाणी नुसते ओतून दिल्याने भागत नाही, कारण अंडी भिंतीवरच राहतात. घासावेच लागते.

शिक्षकांना येथे एक विनंती आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या कार्यालयातला आणि शिक्षक खोलीतला कूलर पाण्यासकट बंद पडून राहतो. घराघरांत जाऊन सांगण्यापूर्वी सुट्टीच्या आदल्या दिवशी तो रिकामा करून कोरडा करावा.

आणि पावसाळा लागल्यावर कूलर व्हरांड्यात ढकलून त्यावर जुनी चादर टाकण्याआधी टाकीची कड ब्रशने घासून, उन्हात वाळवून घ्या. एडिसची वाळलेली अंडी सहा महिन्यांहून अधिक काळ तग धरतात. पुढच्या मार्चमध्ये तुम्ही त्याच टाकीत पहिली बादली ओताल, तेव्हा ती तेथे वाट पाहत असतील.