आधी दगड, मग हार

जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ती एकोणिसाव्या शतकात वसवली. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली आणि गावकुसाबाहेर आयुष्य काढलेली, ख्रिस्ती झालेली मांग कुटुंबे तिथे राहायला आली. बायबलमधल्या बेथेलची एक गोष्ट सर्वांना ठाऊक असते. याकोबाला तिथे स्वप्नात स्वर्गापर्यंत पोचलेली शिडी दिसली. दुसरी गोष्ट मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. आमोस संदेष्ट्याला याच बेथेलमधून चालते व्हायला सांगितले गेले.

आमोस तकोवा गावचा मेंढपाळ. त्याने बेथेलच्या देवळात येऊन काय सांगितले? व्यापारी माप लहान करतात आणि काटा मारतात, गव्हात भुसा मिसळून विकतात, जोडाभर पायताणाच्या किमतीत गरिबाला विकतात, वेशीवरच्या न्यायसभेत लाच चालते, आणि असल्या हातांनी चढवलेले बळी देवाला नकोत. अमस्या याजकाने यातले एकही म्हणणे खोडून काढले नाही. हे राजाचे देवस्थान आहे, तू आपल्या यहूदात जाऊन पोट भर, एवढेच त्याने बजावले. आरोप खोटा आहे असे म्हणण्याची सोय नसली की आरोप करणाऱ्यालाच हद्दपार करायचे, ही रीत तेव्हापासून चालत आली आहे.

संदेष्टा म्हणजे भविष्य वर्तवणारा, ही समजूत अपुरी आहे. गोड भविष्य सांगणाऱ्याला लोक दक्षिणा देतात. यिर्मयाने चालू काळाचा हिशेब मांडला, म्हणून त्याचे शब्द लिहिलेली गुंडाळी यहोयाकीम राजाने चाकूने कापून शेगडीत जाळली. पुढे सरदारांनी यिर्मयाला दोरांनी बांधून चिखलाच्या टाक्यात सोडले. यरुशलेम देवभक्तांनी भरलेले होते, पण त्याला वर काढायला पुढे आला तो राजवाड्यातला एक परदेशी नोकर, कूशी एबद-मलेख. दोर काखेत काचू नयेत म्हणून त्याने जुन्या चिंध्याही खाली सोडल्या. याजकाचा मुलगा जखऱ्या तर मंदिराच्या अंगणातच दगडांनी ठेचला गेला. आणि येशूला नासरेथमध्ये कड्यावरून लोटायला निघाले ते त्याच्याच गावचे लोक होते. ते नुकतेच सभास्थानातून उठले होते.

या इतिहासावर येशूने ठेवलेला ठपका मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, आणि तो मारेकऱ्यांपुरता थांबत नाही. संदेष्ट्यांच्या कबरी बांधणाऱ्यांना, त्या सजवणाऱ्यांना आणि ‘आम्ही त्या काळी असतो तर असे केले नसते’ अशी ग्वाही देणाऱ्यांना तो लागू होतो. म्हणजे आपल्यालाच.

आपल्याकडचेच पाहा. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा लहानगा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला, जेवला. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मुलगा घरी आला, पण जात त्याला परत घेईना. प्रायश्चित्त देऊन त्याला सामावून घ्या, असे म्हणत बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. ज्यांनी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र काढले, समाजाला स्वतःचा चेहरा दाखवला, त्या विद्वानाचे एका कोवळ्या पोरासाठीचे म्हणणे समाजाला पेलले नाही. आता दर ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, गावोगाव त्यांच्या तसबिरीला हार पडतात. अलीकडच्या काळात अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. माणूस देव मानणारा असो वा नसो, त्याचे खरे बोलणे ऐकायला आपल्याला आधी त्याचे रक्त लागते.

ख्रिस्ती मंडळीनेही अंग चोरू नये. बायबल आपल्या हाती आहे म्हणून आपण संदेष्ट्यांच्या बाजूचे ठरत नाही. यरुशलेमच्या लोकांपाशीही शास्त्र होतेच. प्रभुभोजनाला एका भाकरीतून खायचे आणि सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारायची, हे आपल्यात चालते. शेषाद्री आपले ब्राह्मणपण मागे टाकून ज्यांच्यात गेले, त्यांच्याच लेकरांना सोयरिकीत उणे ठरवले, तर शेषाद्रींच्या नावाने केलेली उपासना आमोसच्या काळच्या बळींसारखीच आहे. सभेत यावर बोलणाऱ्या तरुणाला ‘मंडळीत फूट पाडू नको’ म्हणून खाली बसवतात. अमस्याने तरी वेगळे काय केले होते?

मंडळीबाहेरही हेच. बालविवाह थांबवायला दारात आलेली अंगणवाडी सेविका गावाला घर फोडणारी वाटते. मोंढ्यात कट्टी का कापली, असे विचारणारा शेतकरी भांडखोर ठरतो. ऊसतोडीची उचल घेतलेल्या जोडप्याचा हिशेब मागणारा तर मुकादमाचा वैरीच. बोलणाऱ्याची जात काढतात, पक्ष काढतात, त्याला पैसे कुणी दिले ते विचारतात. तो बोलतो ते खरे आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही.

तोच प्रश्न आपण पहिला विचारायला शिकले पाहिजे: चर्चच्या सभेत, ग्रामसभेत, भावकीच्या बैठकीत. म्हणणे खोटे असेल तर पुराव्याने खोडून काढा. खरे असेल तर बोलणारा जिवंत असतानाच, त्याच्या तोंडावर कबूल करा आणि आपली रीत बदला. एवढे धैर्य नसेल, तर मेलेल्या सुधारकांच्या जयंत्या करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही.