घरफाळ्याच्या पावतीवरील एक ओळ

कंग्राळीहून कॉलेजला येताना वाटेत एक बसथांबा लागतो. मागच्या पावसाळ्यात तेथे एक आजोबा राहत असत. ‘राहत असत’ असे मी मुद्दामच म्हणते, कारण त्यांचा सारा संसार त्या सिमेंटच्या बाकाखाली होता: एक पोते, एक जर्मनचे भांडे आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला दवाखान्याचा कागद. उमेदीची वर्षे त्यांनी उद्यमबागेत फाउंड्रीत घालवली होती. मधुमेहाने डाव्या पायाची तीन बोटे गेली आणि कामही गेले. खोलीचे भाडे थकले, तशी खोलीही गेली.

एकदा त्यांनी तो कागद मला वाचायला दिला. जखम कोरडी ठेवावी, एक दिवसाआड पट्टी बदलावी, जेवण वेळेवर घ्यावे, इन्सुलिन थंड जागी ठेवावे, असे त्यावर लिहिले होते. वरून थांब्याचे पत्रे गळत होते. आपल्याकडचा जुलैचा पाऊस कसा असतो हे वाचकांना सांगायला नकोच. आजोबा म्हणाले, “गोळ्या हायत गं पोरी, पण त्या खाऊन झोपू कुठं?”

आमची आई डब्यातून त्यांच्यासाठी दोन भाकरी जास्त द्यायची. त्या पोचवल्या की माझे कर्तव्य संपले असे मला वाटे. दोन महिन्यांत मी त्यांचे नावही विचारले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. पाय पुन्हा चिघळला, ते पुन्हा दवाखान्यात गेले, पुन्हा बाकावर आले. नंतर एक दिवस बाक रिकामा दिसला. कोणी म्हणाले गाडी येऊन घेऊन गेली, कोणी आणखी काही सांगितले. मी एका कचेरीत जाऊन चौकशी केली, तेव्हा तेथले कारकून म्हणाले, “बाई, असल्या माणसांसाठी आमच्याकडे हेडच नाही.” हेड म्हणजे खर्चाचे खाते.

हे खाते खरोखरच नाही काय? मार्च महिन्यात वडिलांनी घरफाळा भरला. पावती कन्नडमध्ये, आमच्या घरी ती नुसती खिळ्याला अडकवून ठेवतात. या खेपेस मी ती आपल्याच कॉलेजातील कन्नड विभागाच्या एका मैत्रिणीकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. मूळ कराखाली उपकर होते. आरोग्यासाठी १५ टक्के, ग्रंथालयासाठी ६ टक्के आणि शेवटी एक बारीक ओळ, भिकाऱ्यांसाठी ३ टक्के. दोन हजार रुपये फाळा असेल तर साठ रुपये. १९७५ च्या कर्नाटक भिक्षा प्रतिबंधक कायद्याप्रमाणे राज्यातील नगरपालिका आणि ग्रामपंचायती हा उपकर गोळा करतात आणि तो बंगळूरच्या मध्यवर्ती परिहार समितीकडे जातो. म्हणजे ज्यांनी कधी भिकाऱ्याला पैसा दिला नाही अशी प्रतिष्ठित घरेही दरवर्षी भीक घालतात. त्यांना ते ठाऊक नसते एवढेच!

आता हा पैसा जातो कोठे? कायद्याचा रोख रस्त्यावरून भिकारी हटविण्यावर आहे. भीक मागताना सापडलेल्याला धरावे, केंद्रात ठेवावे, असे त्याचे स्वरूप. बंगळूरला मागडी रोडवर असे मोठे केंद्र आहे. ऑगस्ट २०१० मध्ये तेथे थोड्याच दिवसांत वीसहून अधिक माणसे दगावली आणि राज्यभर खळबळ उडाली. आजारी, दुबळ्या माणसांना एका जागी कोंडले म्हणजे त्यांची काळजी घेतली असे होत नाही, हे तेव्हाच कळायला हवे होते. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली तेथे लागू असलेल्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी कलमे घटनाबाह्य ठरविली. आपल्याकडचा कायदा निराळा असला तरी त्यामागची दृष्टी फारशी निराळी नाही.

शिवाय आमच्या बसथांब्यावरच्या आजोबांनी कधी कोणापुढे हात पसरला नव्हता. भाकरीसुद्धा ते “तुला पुरंल का?” असे विचारून घेत. म्हणजे त्यांनी भीक मागितली असती तरच या उपकराच्या दृष्टीला ते पडले असते, आणि मग त्यांना धरून नेले असते. आजारी आहे, घर नाही, पण भीक मागत नाही, अशा माणसासाठी त्या ओळीत काहीच नाही. माझे खरे भांडण या गोष्टीशी आहे.

बेघरांसाठी रात्र निवारे असतात, हे मला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली शहरांतून दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा असे बजावले. २०१३ साली सुरू होऊन २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही तेच प्रमाण होते. शंभर माणसांमागे एक निवारा, प्रत्येकाला निदान पन्नास चौरस फूट जागा. आणि वृद्ध, मनोरुग्ण व दवाखान्यातून नुकतेच सुटलेले रुग्ण यांच्यासाठी वेगळे निवारे काढावेत, असेही त्यात होते. बेळगाव शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेतच पाच लाखांच्या जवळ होती. हिशेब वाचकांनीच करावा. परंतु निवारा कितीही चांगला असला तरी तो रात्रीपुरता आसरा. क्षयाचे औषध निदान सहा महिने चुकवता येत नाही. क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले; पण ते बँकेच्या खात्यात जमा होतात, आणि ज्याला पत्ता नाही त्याला खाते तरी कोण उघडून देणार?

मनाच्या आजाराचे तर विचारूच नका. धारवाडचे मनोरुग्णालय आपल्याला सर्वांत जवळचे. असल्या रुग्णालयांत बरा झालेला माणूस घरचे न्यायला येत नाहीत म्हणून तसाच पडून राहतो, ही देशभरची रड आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १९ व्या कलमाने अशा माणसाला समाजात राहण्याचा हक्क दिला आणि त्यासाठी घरासारखी सोय करणे सरकारवर सोपविले. कर्जतच्या श्रद्धा संस्थेचे डॉ. भरत वाटवानी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणतात, बरे करतात आणि गावी पोचवतात. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण ज्याला पोचवायला गावच उरले नाही त्याचे काय? चेन्नईच्या बॅनियन या संस्थेने २०१५ च्या सुमारास यावर एक साधा उपाय काढला. साध्या वस्तीत भाड्याचे घर घ्यायचे, त्यात चार-पाच जणींनी एकत्र राहायचे, स्वयंपाक-बाजार आपला आपण करायचा आणि सोबतीला एक मदतनीस बाई. फिनलंड देशाने तर २००८ पासून राष्ट्रीय धोरणच केले की आधी खोली द्यायची, आजाराचे आणि व्यसनाचे मग पाहायचे.

आपल्यालाही हे परके नाही. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा आज कर्करोग्यांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. फरक इतकाच की धर्मशाळेतून माणूस आपल्या घरी परत जातो. ज्याला परतायचे घर नाही त्याला धर्मशाळा पुरत नाही, खोलीच लागते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या जिल्ह्यात गोळा होणाऱ्या त्या ३ टक्क्यांतला मोठा वाटा याच जिल्ह्यात राहावा आणि तो भाड्याच्या खोल्यांवर खर्च व्हावा. शहराबाहेर माळावर टोलेजंग इमारत नको. तिचे उद्घाटन तेवढे थाटात होते. दवाखान्याच्या जवळपास चार-चार माणसांची घरे, एक राखणारा माणूस, आठवड्यातून दोनदा नर्सची फेरी. आणि दवाखान्याने रुग्णाला सोडताना कागदाबरोबर त्या घराची चिठ्ठीही द्यावी. यासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागली तर ती मागावी. तोवर महापालिका आणि पंचायती यांना आपल्या निधीतून अपंगांसाठी ५ टक्के राखून ठेवावे लागतात, त्यातून सुरुवात करता येईल. बोटे गेलेला माणूस अपंग नव्हे असे कोण म्हणेल?

आमचे एक प्राध्यापक मला म्हणाले, “खोल्या फुकट मिळाल्या तर दहा गावचे लोक येथे येतील.” येतील, सर. आजही येतातच, निपाणीपासून चंदगडपर्यंतचा रोगी बेळगावच्याच दवाखान्यात येतो आणि त्यातले काही येथेच बसस्थानकावर राहून जातात. पुनःपुन्हा चिघळणाऱ्या पायासाठी दवाखान्याची खाट दर खेपेस अडते, तिचा खर्चही आपणच सोसतो. खोलीचे भाडे त्याहून जास्त होईल असे मला वाटत नाही. आणि आलेला माणूस मराठी की कन्नड, या सीमेचा की त्या, याची चौकशी निदान या कामात तरी करू नये. आमचे आजोबा कण्हताना दोन्ही भाषा बोलत.

महापालिकेच्या अंदाजपत्रकाआधी सूचना देता येतात. पण रस्त्यावर आजारी माणसे किती, हेच विचारले तर आपल्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेच्या काही मुलामुलींनी ती मोजायचे ठरविले आहे. मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्टेशन, कपिलेश्वर देवळाचा परिसर आणि कंग्राळीची वाट अशा चार तुकड्या आहेत. फेरी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी रात्री दहाला निघेल. प्रत्येक तुकडीत एक मराठी आणि एक कन्नड बोलणारा हवा. कन्नड बोलणारे अजून दोघेच आहेत. येणाऱ्यांनी वही-पेन आणावे, आणि ज्याला भेटाल त्याचे नाव आधी विचारावे.