नक्षी म्हणजे जन्मदाखला नव्हे: मलय तलवारीवरचा ‘आपला’ हक्क

१/ नागमोडी पात्याच्या जुन्या तलवारीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की निकालही सोबतच येतो. पाते नागासारखे, बुडाशी हत्तीची सोंड, मुठीवर गरुड. म्हणजे तलवार प्राचीन भारताची! हा निकाल चुकीचा आहे आणि तो देण्याची रीत त्याहून चुकीची आहे.

२/ या तलवारीचे मलय नाव ‘सुंदांग’. ती मलय द्वीपकल्पात व बोर्निओत आढळते. दक्षिण फिलिपिन्समधील सुलू व मिंदानाओ येथील मुस्लिम सुलतानशाह्यांच्या प्रदेशात तर ती योद्ध्याचे मुख्य शस्त्र होती. तिचा पूर्वज जावाचा ‘क्रिस’ हा खंजीर.

३/ हे नाते नक्षीवरून नव्हे, घडणीवरून कळते. क्रिस भोसकण्यासाठी असतो. त्याच्या पात्याचा मुठीत शिरणारा दांडा बारीक व गोल चालतो. सुंदांग घाव घालण्यासाठी असते. घावासरशी पाते मुठीत फिरू नये म्हणून तिचा दांडा चौकोनी केला गेला आणि धातूच्या पट्ट्यांनी पाते मुठीशी जखडले गेले. पात्याच्या बुडाशी बसवलेला ‘गंजा’ हा आडवा तुकडा मात्र क्रिसचाच वारसा.

४/ आता ती ‘सोंड’. बुडाशी असलेल्या त्याच वळणदार आकड्याला मलय भाषेत ‘बलालाय गाजा’, म्हणजे हत्तीची सोंड म्हणतात. जावात त्यालाच ‘कंबांग काचांग’, म्हणजे शेंगवेलीचे फूल म्हणतात. आकार एक, नावे दोन. मग केवळ आकार पाहून त्यात गणपती शोधणारा कशाच्या आधारे बोलतो?

५/ आणि तो ‘गरुड’. सुंदांगच्या मुठीच्या टोकावरील चोचीच्या आकाराला ‘काकातुआ’ म्हणतात. काकाकुवा हा त्या बेटांवरचा पक्षी. भारताच्या रानांत तो नाही.

६/ भारताशी संबंधच नाही, असे मात्र नव्हे. ‘नाग’ आणि ‘गज’ हे शब्द संस्कृतातून तिकडे गेले. सरळ पाते म्हणजे स्थिर नाग आणि नागमोडी पाते म्हणजे चालता नाग, असा अर्थ जावातच लावला जातो. तेथील सुकुह मंदिरात १५व्या शतकातील एक शिल्पपट आहे: भीम शस्त्र घडवतो आहे, अर्जुन भाता चालवतो आहे आणि मध्ये गणेश नाचतो आहे. पण हा प्रसंग महाभारतात कोठेही नाही. पात्रे भारतातून आली. त्यांना लोहारशाळेत कामाला लावले ते जावाच्या कारागिरांनी.

७/ महाराष्ट्राला ही गोष्ट अपरिचित नसावी. मराठ्यांच्या ‘फिरंगी’ तलवारीचे पाते अनेकदा युरोपातून आलेले असे, मूठ येथली. केवळ पात्यावरून ती तलवार कोणी युरोपची ठरवली, तर मराठी माणूस ते मान्य करील काय? मग मलय लोहाराला वेगळा न्याय का?

८/ काही सुंदांगांच्या पात्यांवर अरबी लिपीतील मजकूर आहे. नागामुळे तलवार भारताची ठरत असेल, तर या अक्षरांमुळे ती अरबस्तानची ठरावी. एकाच पात्यावर नागाचे वळण आणि अरबी अक्षरे सुखाने नांदतात, कारण ते पाते घडवणाऱ्या समाजाने दोन्ही पचवून आपलेसे केले होते.

९/ येथे प्रश्न एका चुकीच्या मथळ्यापुरता नाही. त्या लोहारांपैकी बहुतेकांची नावे उरलेली नाहीत. उरले आहे ते त्यांचे काम. तेही दुसऱ्याच्या खात्यावर चढवणे म्हणजे अभिमान नव्हे, उचलेगिरी आहे. जुने शस्त्र समोर आले की आधी दांडा, जोड आणि बूड पाहावे, मग स्थानिक नावे विचारावीत. नाग, गरुड आणि गजाचा क्रम त्यानंतरचा.