उतारावरचा उच्चांक

हौशी धावपटूंच्या बोलण्यात ‘पीबी’ हा शब्द इतक्या सहजपणे येतो की, त्याचा अर्थ तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही. ‘पर्सनल बेस्ट’, म्हणजे एखाद्या अंतरासाठी आपण आजवर घेतलेला कमीत कमी वेळ. या शब्दाचा पहिला अर्धा भाग मला अलीकडे खटकू लागला आहे. ही वेळ वैयक्तिक असते हे खरे आहे काय? की ती एखाद्या गावाची, त्या गावातल्या चढउतारांची, त्या दिवशीच्या हवेची असते आणि आपण केवळ तिच्याखाली आपले नाव लिहितो? हा प्रश्न मला पडला तो माझ्याच एका उच्चांकामुळे. तेव्हा थोडे आत्मचरित्र वाचकांनी सहन करावे.

२०१९ च्या मार्चमध्ये आम्ही दोघे दहा दिवसांसाठी पोर्तुगालला गेलो. प्रवास पत्नीने ठरवला होता. लिस्बनचे निळे टाइल्स, टेकड्यांवरून करकरत चढणाऱ्या ट्राम आणि गोव्याच्या जुन्या घरांशी असलेले त्या शहराचे नाते हे तिचे विषय. मी मात्र तारखा पाहताना एक लबाडी केली. लिस्बनची अर्धमॅरॅथॉन त्याच आठवड्यात येत होती. पुण्यात माझी सर्वात चांगली वेळ होती दोन तास तीन मिनिटे. वयाची पन्नाशी नुकतीच उलटली होती, आणि दोन तासांच्या आत हे अंतर धावायचे असेल तर फार वर्षे हातात नाहीत, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. युरोपातला थंड मार्च, समुद्रसपाटीचे शहर, नदीकाठचा सरळ रस्ता. तिकिटे काढली तेव्हा सहलीला एक छुपा उद्देश चिकटला होता.

त्या उद्देशाने सहलीचे काय केले ते सांगण्यासारखे आहे. पहिले तीन दिवस मी शहरात होतो असे म्हणता येणार नाही. पत्नी आल्फामाच्या गल्ल्या चढत असताना मी हॉटेलच्या खोलीत भिंतीला पाय लावून पडलो होतो, कारण चढ चढून पोटऱ्या दुखतील अशी भीती. ती सिंत्राला एकटी गेली. संध्याकाळी तिने भाजलेले सार्डिन मागवले आणि मी वेटरला साधा भात मागितला, तेव्हा त्या माणसाने माझी प्रकृती बरी आहे ना अशी चौकशी केली. अंड्याच्या बलकाचे प्रसिद्ध पास्तेल ‘शर्यतीनंतर’ या सदरात टाकले गेले. ‘तू लिस्बनला आलास की लिस्बन तुझ्या वेळापत्रकात आले?’ असे तिने विचारले. यावर उत्तर नव्हते, म्हणून मी झोपेचे कारण पुढे केले.

घड्याळाचा एक फायदा मात्र मला आपोआप मिळाला, आणि तो माझ्या मूळ प्रश्नाशी संबंधित आहे. पुण्यात मी पहाटे साडेपाचला धावतो. अंग आखडलेले, पोट रिकामे. मार्चमध्ये लिस्बन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. तिथे सकाळी दहा-साडेदहाला सुरू होणारी शर्यत माझ्या शरीराच्या हिशेबाने दुपारी चारची होती. दुपार उतरताना शरीराचे तापमान चढलेले असते, स्नायू सैल असतात. म्हणजे चार दिवसांत शरीराने लिस्बनची वेळ पुरती स्वीकारली नव्हती, हेच माझ्या पथ्यावर पडले. हे कर्तृत्व कोणाचे? विमान कंपनीचे, किंवा रेखावृत्तांचे.

शर्यतीची सुरुवात तेजो नदीवरच्या पुलापाशी, पलीकडच्या काठावर होते. हा झुलता पूल १९६६ मध्ये सालाझारच्या नावाने उघडला. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याला क्रांतीच्या तारखेचे, ‘२५ एप्रिल’ असे नाव मिळाले. हजारो माणसे सकाळी आगगाडीने नदी ओलांडून प्रागालला जातात आणि पळत परत येतात. आगगाडी याच पुलाच्या खालच्या मजल्यावरून जाते, त्यामुळे जे अंतर आपण पायाने कापणार त्याच्या पोटातून आधी बसून जाण्याचा चमत्कारिक अनुभव येतो. पुलाचा काही रस्ता लोखंडी जाळीचा आहे. एरवी मोटारींच्या चाकांखाली ही जाळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणते. त्या सकाळी मोटारी नव्हत्या, बुटांचा पावसासारखा आवाज होता, आणि जाळीतून खाली पाहिले की सुमारे सत्तर मीटर खोल पाणी हलत होते. मी एकदाच पाहिले. नंतर घड्याळ पाहिले.

पूल संपला की रस्ता आल्कांतारापर्यंत उतरतो आणि तेथून पुढे सारी धाव नदीच्या काठाने, जवळजवळ सपाट. शेवट बेलेंमध्ये, जेरोनिमुश मठासमोर. ज्या किनाऱ्यावरून वास्को द गामा जुलै १४९७ मध्ये निघाला तो हाच, आणि त्याची कबरही याच मठात आहे. कालिकतला पोहोचायला त्याला दहा महिने लागले. किती मिनिटे वाचली असे त्याला कोणी विचारले नसावे. माझी वेळ एक तास अठ्ठावन्न मिनिटे एक्केचाळीस सेकंद. मी रडलो, हे कबूल करतो. पास्तेलच्या दुकानासमोरची रांग पाहून परत फिरलो.

पुण्यात परतल्यावर महिनाभर मी ती वेळ मिरवली. आणि मग एका रात्री, मोठ्या धावपटूंनी लिस्बनमध्ये काय केले आहे हे उत्सुकतेने वाचत असताना, पॉल टेरगाट यांची हकिकत हाती लागली. या केनियन धावपटूने १९९८ मध्ये मिलानला ५९ मिनिटे १७ सेकंदांचा जागतिक विक्रम केला होता. २००० मध्ये तो लिस्बनला त्याहून अकरा सेकंद लवकर पोहोचला, पण ती वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही. कारण उतार. रस्त्यावरच्या शर्यतीत सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा एकूण उतार दर किलोमीटरला सरासरी एक मीटरपेक्षा अधिक नसावा, असा नियम आहे. अर्धमॅरॅथॉनसाठी ही मर्यादा होते साधारण एकवीस मीटर. पूल सत्तर मीटर उंच, नदीकाठ शून्याच्या आसपास. गणित कोणीही करावे. पुढे आयोजकांनी आघाडीच्या धावपटूंची सुरुवात खाली सपाटीवर वेगळी केली, आणि २०१० मध्ये झेरसेनाय ताडेसे यांनी ५८ मिनिटे २३ सेकंदांत केलेला विक्रम रीतसर मान्य झाला. आमच्यासारख्या जनतेला मात्र पूलच देतात, कारण आम्हाला पूल आवडतो, आणि आमच्या वेळेने कोणाचेच काही बिघडत नाही.

या नियमामागचा विवेक मला फार मोलाचा वाटतो. सुरुवात आणि शेवट यांच्यातले सरळ अंतर शर्यतीच्या अर्ध्याहून जास्त नसावे, असाही त्याचा एक भाग आहे. नाहीतर पाठीवर वारा घेऊन एकाच दिशेने धावता येईल. बॉस्टनला २०११ मध्ये जेफ्री मुताई यांनी पूर्ण मॅरॅथॉन दोन तास तीन मिनिटे दोन सेकंदांत धावली. तोवर त्या अंतरावर एवढी जलद वेळ कोणी दिलेली नव्हती, पण बॉस्टनचा मार्ग एकदिश आणि उतरता असल्यामुळे जागतिक विक्रम म्हणून ती मान्य झाली नाही. मुताई कमी धावले असे कोणी म्हटले नाही. बॉस्टनही धावले, एवढेच म्हटले.

आपण हौशी लोक नेमके हे मान्य करायला तयार नसतो. अंतराचा आकडा आपल्याला मंत्रासारखा वाटतो: २१.०९७५. त्याचे मूळ पाहिले तर तेही एका गावाच्या सोयीचेच आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षापर्यंत जे अंतर भरले ते ४२.१९५ किलोमीटर, १९२१ मध्ये तेच प्रमाण ठरले, आणि आपण त्या योगायोगाचे अर्धे धावतो. शिवाय मार्ग मोजतात तो शक्य तितक्या जवळच्या रेषेने, वळणावर कडेला अगदी लागून. गर्दीत डावीउजवीकडे सरकत धावणारा माणूस त्याहून जास्तच धावतो. मनगटावरचे घड्याळ एकवीस किलोमीटर तीनशे मीटर दाखवते आणि आपण मोजणाऱ्याला दोष देतो.

माझ्या एका धावसोबत्याशी यावर वाद झाला. ते म्हणाले, ‘अहो, तुम्हाला कुठे जागतिक विक्रम करायचा होता? वेळ ती वेळ. आनंद घ्या.’ हा ‘आनंद घ्या’चा सल्ला हल्ली सर्वत्र मिळतो आणि मला तो पटत नाही. घड्याळ काढून ठेवा, रमतगमत धावा, शहर पाहा, असे सांगणाऱ्यांना वाटते की घड्याळ गेले की शहर आपोआप दिसेल. माझा अनुभव इतका सोपा नाही. लिस्बनचे जे मला खरोखर आठवते ते घड्याळामुळेच आठवते: पुलानंतरच्या उताराचे वळण, नदीकाठच्या फरसबंदीचा खडबडीतपणा, बाराव्या किलोमीटरला समोरून आलेला खारा वारा. ज्या माणसाला सेकंद वाचवायचे असतात तो रस्त्याकडे फार बारकाईने पाहतो. पत्नीने पाहिलेले शहर मी पाहिले नाही हे खरे. पण तो रस्ता तिने पाहिलेला नाही. माझी तक्रार घड्याळाबद्दल नाही. घड्याळातून निघालेला आकडा गावाचे नाव पुसून वापरला जातो, तिथे माझी तक्रार आहे.

तो आकडा मी तसाच वापरला, आणि त्याची फळेही भोगली. जानेवारी २०२० च्या मुंबईच्या शर्यतीसाठी अर्ज भरताना मागची उत्तम वेळ प्रमाणपत्रासह द्यायची होती, कारण त्यावरून सुरुवातीचा गट ठरतो. मी लिस्बन दिले. मला पुढचा गट मिळाला. पहाटेच्या अंधारात, अंगाला चिकटणाऱ्या त्या दमट हवेत, सी-लिंकवर माणसे माझ्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी पुढे जाऊ लागली. ती माणसे चुकत नव्हती. ती आपापल्या जागी होती, मी नव्हतो. पहिले पाच किलोमीटर त्यांच्याबरोबर राहण्याच्या हट्टात मी सगळे खर्च केले आणि पेडर रोडच्या चढावर चक्क चाललो. माझ्या मागून येणाऱ्या एका मुलीने खांद्याला हात लावून ‘काका, कडेला घ्या’ असे म्हटले, ते अत्यंत सौम्यपणे. दोन तास अकरा मिनिटे. लिस्बनमधला मी मुंबईत नव्हतोच.

तेव्हापासून माझ्या वहीत वेळेच्या शेजारी गावाचा रकाना आहे, आणि त्याच्या शेजारी चढाचा. दोन तास अकराच्या खाली ‘पेडर रोड, दमट’ अशी नोंद आहे. सर्वात संथ वेळ साताऱ्याची: यवतेश्वराचा घाट चढून, वरून वळून परत त्याच रस्त्याने उतरायचे. दोन तास एकोणीस मिनिटे. जितके चढलात तितकेच उतरता, त्यामुळे हिशेब शून्यावर येतो, आणि नियमाच्या दृष्टीने लिस्बनच्या पुलापेक्षा ही वेळ अधिक निर्दोष आहे. कोणी ‘तुमची पीबी किती?’ असे विचारले तर आता मी ‘कुठली?’ असे विचारतो. त्यामुळे संभाषण लांबते आणि समोरचा मनुष्य कंटाळतो, हे मला दिसते.

साताऱ्याचा तो रस्ता कासला जातो. शर्यतीचे वळण कासच्या खूप आधी येते, म्हणून पाच वर्षे, तीही पठार फुलांनी भरण्याच्या दिवसांत, त्या रस्त्याने धावूनही मी पठार पाहिलेले नाही, ही गोष्ट पत्नीला नुकतीच कळली. यंदाच्या अर्जात मी जुनी साताऱ्याचीच वेळ लिहिली. तिने शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीची कासची दोन तिकिटे काढून ठेवली आहेत, आणि पोटऱ्या दुखत असल्या तरी चालेल, असे मला आधीच बजावले आहे.