अपग्रेड कर म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

जुन्या विंडोजवर नवं ब्लेंडर चालत नाही अशी तक्रार केली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : अपग्रेड कर. दुसरं त्याहून भारी : नवा लॅपटॉप घे. हे सांगणारा स्वतः बहुतेक वेळा हप्त्यांवर जगत असतो, पण ते असो. माझं भांडण या उत्तरात गृहीत धरलेल्या गोष्टीशी आहे. मशीन म्हातारं झालं, त्याच्यात दम उरला नाही, म्हणून सॉफ्टवेअर चालत नाही, असं आपण मान डोलावून मान्य करतो. अनेकदा हे खरं नसतं.

ब्लेंडरचंच घेऊ. थ्रीडी मॉडेल, ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग असं सगळं करणारं, फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर. २०२१ साली आलेल्या २.९३ या आवृत्तीने विंडोज ७ ला रामराम ठोकला. ग्राफिक्स कार्ड कमी पडलं म्हणून नाही. रॅम पुरेना म्हणूनही नाही. ब्लेंडरच्या पोटात पायथन असतं आणि या आवृत्तीत पायथन ३.९ आलं. पायथनने ३.९ पासून विंडोज ७ सोडलं होतं. फाइलचा पत्ता जोडायला, म्हणजे ‘या फोल्डरमधली ती फाइल’ एवढं सांगायला, ते विंडोज ८ पासून आलेली फंक्शन्स वापरतं. ही फंक्शन्स ज्या डीएलएल फाइलमधून मिळतात ती विंडोज ७ मध्ये नाहीच. म्हणून तुम्ही डबल क्लिक करता आणि निरोप येतो : अमुक डीएलएल सापडत नाही. खेळ खलास.

मग कुणीतरी बसून तेवढीच फाइल लिहिली आणि सगळ्यांसाठी नेटवर ठेवली. ती योग्य फोल्डरमध्ये टाकली की तेच २.९३ त्याच विंडोज ७ वर उघडतं आणि रेंडरही करतं. दोन जगांमधली भिंत म्हणून जी दाखवली जात होती, ती एका लहानशा फाइलीएवढी जाड होती!

दुसरं उदाहरण मला जास्त बोचतं, कारण माझा लॅपटॉप त्याच पिढीतला आहे. इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज चिपमध्ये एचडी ३००० नावाचं ग्राफिक्स असतं. जुलै २०१९ मध्ये आलेल्या ब्लेंडर २.८० ला ओपनजीएल ३.३ लागतं. विंडोजवर इंटेलचा ड्रायव्हर या चिपला ३.१ पर्यंतच नेतो आणि तिथे थांबतो. त्याच लॅपटॉपवर लिनक्स टाका. मेसा या मुक्त ड्रायव्हरमुळे तीच चिप ३.३ देते. चिप तीच, पंखा तोच, कीबोर्डावर सांडलेल्या चहाचा डागसुद्धा तोच. मग म्हातारं कोण झालं होतं?

आता समोरच्याची बाजू. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, त्यामुळे ते नेटला जोडून बँकेचे व्यवहार करणं हा मूर्खपणा आहे. मी जुन्याचं भजन लावत नाहीये. चित्र काढायच्या मशीनला नेट लागत नाही. वायफाय बंद ठेवा, फाइल पेनड्राइव्हने न्या. आणि ब्लेंडर बनवणाऱ्यांनी प्रत्येक जुन्या सिस्टिमवर तपासणी करत बसावं असंही माझं म्हणणं नाही. त्यांनी एक दार बंद केलं, पण आधीच्या आवृत्त्या त्यांच्या साइटवर आजही मिळतात. २.७९ हवंय? घ्या. कुणी विचारत नाही का म्हणून.

राग आहे तो भाड्याने सॉफ्टवेअर देणाऱ्यांवर. अडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या वर्गणीवर आणल्या, आणि मे २०१९ मध्ये वर्गणीदारांना कळवलं की काही जुन्या आवृत्त्या वापरायचा परवाना आता तुम्हाला नाही. पैसे भरत असलेल्या माणसाला! घरमालकाने भाडं घेत राहावं आणि एके दिवशी सांगावं की मागची खोली आता तुमची नाही, तसं हे.

यात मराठी माणूस आणखी एका जागी अडकतो. फोटोशॉप सीएस ६ ही २०१२ ची, एकदाच पैसे भरून विकत मिळालेली शेवटची आवृत्ती. तिच्यात युनिकोड देवनागरी टाइप करा आणि मजा बघा : जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. म्हणून फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेवाले श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांना धरून राहिले. देवनागरी धड मांडणारं इंजिन आलं ते वर्गणीवाल्या आवृत्त्यांत, आणि त्यांतल्या नव्या आवृत्त्यांना विंडोज १० हवं. म्हणजे आपली ‘कि’ नीट दिसावी एवढ्यासाठी आधी वर्गणी, मग नवी विंडोज, मग नवं मशीन. नव्या सॉफ्टवेअरची हौस नव्हे, हा लिपीचा प्रश्न आहे. गंमत म्हणजे फुकटचं गिंप २.१० देवनागरी नीट जोडतं आणि विंडोज ७ वर चालतं. हे किती डीटीपीच्या क्लासमध्ये सांगतात?

क्लासवाल्यांशी तर वेगळंच भांडण आहे. डोनट बनवायला शिकवायचं आणि अट घालायची लेटेस्ट आवृत्तीची. पोराकडे चुलतभावाचा जुना पीसी असतो. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडली की काहीतरी गळतं, हे मान्य. मग सगळा वर्ग एका जुन्या आवृत्तीवर चालवा, किंवा मॉडेल ओबीजेमध्ये द्या. पहिल्या तीन महिन्यांत शिकवता त्यातलं बहुतेक २.७९ मध्येही होतं.

आणि फोनवर हे वाचत ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणणाऱ्यांनो, ‘हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही’ हे वाक्य तुम्हीही पाहिलंय. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्याच्या यादीबाहेर आहेत. २०१७ मध्ये कॉलेजसाठी घेतलेला सातव्या पिढीचा लॅपटॉप, ज्यावर ब्लेंडर आज मजेत चालतं, तो आता रांगेत उभा आहे.

त्या रांगेतल्यांसाठी दोन गोष्टी. सध्या चालणाऱ्या आवृत्तीचा इन्स्टॉलर आजच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. फक्त लिंक जपून भागत नाही. आणि ओपनजीएल कमी पडतंय म्हणून ब्लेंडर उघडत नसेल, तर मेसाच्या विंडोज आवृत्तीतल्या डीएलएल फाइली ब्लेंडरच्या फोल्डरमध्ये ठेवून बघा. मग ग्राफिक्सचं काम प्रोसेसर करतो. व्ह्यूपोर्ट गोगलगायीच्या चालीने फिरेल, मोठा सीन घेऊ नका, पण खिडकी उघडेल आणि मधोमध तो करडा क्यूब दिसेल.