बाजारात तुरी...

निन्टेन्डोने जून २०१७मध्ये 'मेट्रॉइड प्राइम ४' जाहीर केला. दाखवलं काय, तर नुसता लोगो! मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. जानेवारी २०१९मध्ये कळलं, काम पुन्हा पहिल्यापासून. गेम आला डिसेंबर २०२५मध्ये. सोनीने 'द लास्ट गार्डियन' २००९मध्ये पीएस३साठी जाहीर केला, आला २०१६मध्ये, तोही पीएस४वर! त्याच्या भरवशावर पीएस३ घेणाऱ्याने काय करायचं?

कोणता कन्सोल घ्यायचा हे ठरवायला आधी कळलेलं बरं, मान्य. पण काम सुरू व्हायच्या आधीच क्लायंटला शब्द दिला की काय होतं, ते आपण ऑफिसात भोगतोच ना? म्हणून खेळून दाखवता येईल तेव्हाच बोला. बेथेस्डाने 'फॉलआउट ४' जून २०१५मध्ये जाहीर केला, नोव्हेंबरात हातात दिला. कुणाचं काही बिघडलं?