साठवलेले पाणी आणि रांगते मूल

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वे दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. त्या उन्हाळ्याने लातूरकरांना पाण्याचे मोल शिकवले आणि पाणी साठवण्याची सवयही घरोघरी पक्की केली. मांजरा धरण भरले की टंचाई सरते. सवय मात्र सरत नाही. गोदाकाठच्या नांदेडातही नळाच्या वेळी पिंपे, बादल्या भरून घेण्याची रीत आहे. हे भरलेले पाणी बहुधा न्हाणीघरात असते, आणि घरात नुकते चालू लागलेले मूल असेल तर धोकाही तेथेच असतो.

एक ते चार वर्षे हे वय बुडण्याच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचे मानले जाते. या वयात अंगाच्या मानाने डोके जड असते. पाण्यात हात घालायला वाकलेल्या मुलाचा तोल गेला, तर त्याला बादलीतून स्वतःहून वर येता येत नाही. नाकातोंड बुडेल एवढे वीतभर पाणीही त्याला पुरते. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही; म्हणून ‘काही झाले तर आवाज येईलच’ हा भरवसा फोल आहे.

पाणी साठवणे हा दोष नव्हे; ते उघडे ठेवणे हा दोष आहे. पिंपाला घट्ट बसणारे, मुलाच्या हाताने न निघणारे झाकण असावे. वर अंथरलेले गाळण्याचे फडके किंवा नुसती फळी म्हणजे झाकण नव्हे. मुलाच्या भाराने ती सरकते. पिंपाजवळ पाट अथवा स्टूल ठेवू नये. स्नानानंतर बादलीत उरलेले पाणी ओतून टाकणे जिवावर येते, आणि जयणा पाळणाऱ्या घरात ते योग्यच आहे. ते झाकणाच्या पिंपात परत घालावे किंवा फरशी पुसण्यास घ्यावे. रिकामी बादली पालथी ठेवावी. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून उंचावर कडी बसवावी. आतली कडीही मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर असावी, म्हणजे ते आत कोंडले जाणार नाही.

गरम पाण्याचे भय वेगळे. ६० अंश सेल्सियसचे पाणी काही सेकंदांत त्वचा खोलवर भाजते. गिझरचे तापमान ५० अंशांच्या आत ठेवावे. बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम मिसळावे आणि कोपर बुडवून पाहावे. पाणी तापवण्याची विजेची सळई बादलीत असेतो दार बंदच हवे; बटण बंद करून पिन काढल्याखेरीज पाण्याला कोणीही हात लावू नये. गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही नसावा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. घराच्या वीजजोडणीत ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी बसवून घ्यावे. संडास धुण्याचे अ‍ॅसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नये. ते कुलपात असावे.

तरीही दुर्घटना घडली तर काय करावे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. बुडालेल्या मुलाला उलटे धरून पोटातले पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास चालत नसेल तर तत्काळ तोंडावाटे श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भाजलेल्या जागी वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट वा तूप लावू नये. अ‍ॅसिड पोटात गेल्यास ओकारी काढू नये. बाटलीसह रुग्णालय गाठावे.

सर्वांत मोठी उणीव मात्र झाकणाची नसते, लक्षाची असते. सकाळी पेढी उघडण्याची घाई, देवदर्शनाची वेळ, स्वयंपाक आणि स्नाने एकाच वेळी चालतात. घरात आजी, काकू, आत्या सगळ्या असतात. म्हणूनच प्रत्येकीला वाटते, मूल दुसरीजवळ आहे. बँकेत रोखपाल जागा सोडताना रोकड कोणाच्या तरी हाती मोजून देतो. ‘कोणीतरी आहेच’ असे म्हणून उठत नाही. मुलाच्या बाबतीतही तोच शिरस्ता हवा. ‘वहिनी, आता बाळ तुमच्याजवळ’ असे नाव घेऊन सांगावे आणि ‘हो’ हे उत्तर ऐकूनच हलावे. याला पैसा लागत नाही. ज्या घरात पै-पैचा हिशेब रात्री जुळल्याखेरीज वही मिटत नाही, त्या घराला ही शिस्त नवी नाही.